सिस्को व्हॉईसचा अभ्यास: जुना राऊटर-फोन घरात मांडायचा की लॅपटॉपवरच भागवायचं?

अनगोळचा_वायरमन

धागा वाद घालायलाच काढलोय, शिव्या चालतील पण मुद्द्याला धरून. गेले सहा महिने सिस्को कोलॅबोरेशनचा, म्हणजे नेटवर्कवरनं चालणाऱ्या ऑफिसच्या फोनचा अभ्यास करायलोय, त्याच्या सीसीएनपी सर्टिफिकेटचा मुख्य पेपर सीएलकोर म्हणजे 350-801, 120 मिनिटांचा, 400 डॉलर फी आणि वर टॅक्स. पूर्वी सीसीएनए व्हॉईस हे खालचं सर्टिफिकेट होतं, ते 2014 ला गेलं, त्याजागी सीसीएनए कोलॅबोरेशन आलं तेही 24 फेब्रुवारी 2020 ला बंद. आता व्हॉईसवाल्यानं थेट सीसीएनपीच्या माडीवर चढायचं, खालचा जिनाच काढून टाकलाय.

माझं म्हणणं एवढंच की घरात एक तरी खरा फोन वाजवल्याशिवाय हा अभ्यास डोक्यात बसत नाही. मी पुण्याच्या जुन्या बाजारातनं 2811 राऊटर, 3560 चा पीओई (नेटच्या वायरीतनंच फोनला करंट देणारा) स्वीच आणि दोन 7960 फोन असं घेतलो, सगळं मिळून साडेअकरा हजार. रात्रीच्या बसच्या डिकीतनं गोणीत घालून आणलो, बेळगावात गोवावेसला उतरताना क्लीनर विचारतोय हे काय भंगार काय म्हणून. राऊटर चालू केला की आई खालनं ओरडते, गिरणी घातलीस काय गा माडीवर.

पण शिकलो. पहिला फोन तीन दिवस "कॉन्फिगरिंग आयपी" वर अडकून बसलाता. सगळं तपासलो, डीएचसीपी (फोनला आयपी पत्ता देणारी सोय) बरोबर, पूल बरोबर. शेवटी बघतो तर स्वीच ते राऊटर ट्रंकवर, म्हणजे दोघांमधल्या सामाईक वायरीवर, डेटाचा 10 नंबर व्हीलॅन (एकाच स्वीचवरचं वेगळं पाडलेलं नेटवर्क) अलाऊ केलतो आणि फोनचा 20 विसरलोतो, म्हणजे फोन बिचारा अंधारात ओरडायलाय आणि ऐकणारा कोण नाही. तिथनं सुटला तर टीएफटीपी (फोनला त्याची फाईल देणारा सर्व्हर) टाईमआऊट, कारण ऑप्शन 150 मधला त्या सर्व्हरचा पत्ता एका आकड्यानं चुकलाता. आता मला झोपेतनं उठवून विचारा फोन कसा उठतो ते, आधी करंट, मग सीडीपीनं (सिस्कोची यंत्रं एकमेकांशी बोलतात ती भाषा) स्वीचकडनं व्हॉईस व्हीलॅन, मग डीएचसीपी, मग टीएफटीपीवरनं आपल्या मॅकच्या (यंत्राच्या कायमच्या नंबरच्या) नावाची फाईल, मग रजिस्टर. पुस्तकात हेच पाच ओळीत होतं, चारदा वाचलोतो, काय उपयोग झाला नाही.

खडे_बाजार_रिपेअरी

साडेअकरा हजारात दोन महिने क्लास झाला असता. माझ्याकडं पण 7960 दोन पडलेत, नवीन पीओई इंजेक्टर आणून लावलो, लाईटच लागत नाही. सध्या एक दाराला टेकू आहे.

एनओसी_नाईट_ड्युटी

मी मूळची निपाणीची, सात वर्षं पुण्यात व्हॉईस सपोर्टला आहे, म्हणून स्पष्ट लिहिते, राग मानू नका अण्णा. तुम्ही जे शिकलात ते चांगलंच आहे पण ते 2009 सालचं शिकलात. 2811 वर जे चालतं ते कॉलमॅनेजर एक्सप्रेस, राऊटरमधलंच छोटं एक्स्चेंज, आणि सीएलकोरला मुख्य काम आहे मोठ्या कॉलमॅनेजरचं, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या सीयूसीएमचं, मग युनिटी कनेक्शन (व्हॉईसमेल), एक्सप्रेसवे (बाहेरनं जोडायला), क्यूब (बाहेरच्या लाईनींशी जोडायला), वेबेक्स (क्लाऊड). तुमचे 7960 एससीसीपी, म्हणजे सिस्कोची स्वतःची जुनी फोन-भाषा बोलतात, 2000 नंबरच्या पोर्टवर, आणि आमच्याकडं आज रात्रभर जी तिकिटं येतात त्यातली जवळजवळ सगळी एसआयपीची, जी सगळ्या कंपन्यांच्या फोनची सामाईक भाषा आहे. गोणीभर लोखंड आणून जुनी भाषा शिकण्यात काय अर्थ?

माझा सल्ला असा की सिस्कोचं डीक्लाऊड, म्हणजे नेटवरची तयार लॅब वापरा, सिस्कोचं खातं लागतं, तुमच्या खात्याला परवानगी असली तर त्यात आख्खा सीयूसीएम उभा केलेला मिळतो, तारीख-वेळ बुक करायची आणि मोडायचं तेवढं मोडायचं, सेशन संपलं की विषय संपला. घरात सीयूसीएम टाकायचं म्हणणाऱ्यांनी हे पण लक्षात ठेवा की त्याची आयएसओ (इन्स्टॉल करायची फाईल) सर्व्हिस कॉन्ट्रॅक्टशिवाय मिळत नाही आणि ग्रुपवर फिरणारी कुठलीतरी फाईल उचलून लावणं हा काय अभ्यास नव्हे. कुणाच्या ऑफिसात रीतसर मिळाली तर 12 च्या पुढच्या व्हर्जनला 90 दिवस इव्हॅल्युएशन मोड असतो, ते पुरे होतात.

आणि रिपेअरी दादा, 7960 ला सिस्कोची जुनी इनलाईन पॉवर लागते, नव्या पीओईचं स्टँडर्ड 802.3एएफ, त्याला तो दाद देत नाही, तुमचा इंजेक्टर बरोबरच आहे, फोन जुना आहे. 48 व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर बघा नाहीतर जुना सिस्कोचा स्वीच.

खानापूर_पावसाळी

ताई डीक्लाऊड छान आहे ओ, पण आमच्याकडं बुक केलेल्या वेळेला लाईट पाहिजे, नेट पाहिजे, आणि जूनपासनं सप्टेंबरपर्यंत दोन्ही एकावेळी असलं की आम्ही पेढे वाटतो. मागच्या रविवारी सकाळी 10 चं सेशन होतं, साडेनऊला झाड पडलं, दुपारी अडीचला लाईट आली. मी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर व्हीपीएन जोडलो आणि कॉलमॅनेजरचं एक पान उघडायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात आमच्या आईनं आंबोळ्या घातल्या.

त्यामुळं मी वायरमन अण्णांच्या बाजूनं. स्वतःच्या खोलीतली लॅब इन्व्हर्टरवर तरी चालते.

अनगोळचा_वायरमन

@एनओसी_नाईट_ड्युटी राग कसला ताई. पण एक सांगा, फोनला करंट कुठला लागतो हे आत्ता तुम्ही सांगितला, ते डीक्लाऊडमध्ये कुठं शिकलासा? एससीसीपी जुनं, मान्य. पण व्हॉईस व्हीलॅन जुना झाला काय? ऑप्शन 150 जुना झाला काय? डीएससीपी 46 (आवाजाच्या पॅकेटला आधी सोडा म्हणणारा शिक्का) जुना झाला काय?

आणि दुसरं. आपल्याकडं किती जणांनी नुसते डंप (परीक्षेतले चोरलेले प्रश्न-उत्तरं) घोकून पेपर काढलेत ते सगळ्यांना ठावं आहे. मी ज्या क्लासला पहिले दोन महिने घातलो (नाव घेत नाही) तिथं सरांनी पहिल्याच आठवड्यात पीडीएफ दिली आणि म्हटले उत्तरं पाठ करा, समजून घ्यायचं ते नोकरी लागल्यावर. तिथं एक राऊटर होता, काचेच्या कपाटात, कुलूप लावून, गणपतीसारखा. वर्षातनं एकदा बाहेर.

एनओसी_नाईट_ड्युटी

करंटचं कुठं शिकले? नोकरीत, एका रात्री 40 फोन उठेनात तेव्हा, ओरडा खाऊन 😀 तो मुद्दा तुमचा, दिला.

डंपबद्दल शंभर टक्के तुमच्यासारखंच मत. इंटरव्ह्यूत मी स्वतः एकच प्रश्न विचारते, कॉल लागतोय पण एका बाजूनंच आवाज येतोय, काय बघशील? डंपवाला तिथंच गळतो.

पण हा प्रश्न सोडवायला लोखंड लागत नाही हेच तर मी सांगतेय! लॅपटॉपवर दोन सॉफ्टफोन, मधे अ‍ॅस्टेरिस्क टाका, तो फुकटचा फोन सर्व्हर आहे, जुन्या रास्पबेरी पाय ह्या छोट्या कॉम्प्युटरवर पण चालतो, आणि पॅकेट उघडून दाखवणारा वायरशार्क लावा. टेलिफोनी मेन्यूत व्हीओआयपी कॉल्स उघडलं की कॉलचे निरोप, इन्व्हाईट, ट्रायिंग, रिंगिंग, 200 ओके, अ‍ॅक असं शिडीसारखं समोर येतं. त्या इन्व्हाईटच्या पोटात एसडीपी (आवाज कुठं पाठवायचा ती माहिती) असतं, त्यातली "सी" ची ओळ वाचा. पलीकडच्यानं तिथं आपला घरातला 192.168 चा पत्ता लिहून पाठवलेला असतो, आणि तुमचा फोन इमानदारीत त्या पत्त्यावर आवाज पाठवत बसतो, तो पत्ता राऊटरच्या बाहेर कुणाला माहीत? झालं, एकतर्फी आवाज. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की जन्मात विसरत नाही, खर्च शून्य.

खानापूर_पावसाळी

ताई वायरशार्कवरनंच एक विचारतो. जी.711 (आवाजाचे आकडे करायची पद्धत) ला पुस्तकात 80 केबीपीएस लिहिलंय आणि दुसरीकडं 87.2, आणि मी पॅकेट उघडून बघितलो तर लांबी 214. कुठलं खरं?

एनओसी_नाईट_ड्युटी

तिन्ही खरे. 20 मिलिसेकंदाचा आवाज म्हणजे 160 बाईट, आयपी-यूडीपी-आरटीपीची वेष्टनं मिळून 40, झाले 200. सेकंदाला 50 पॅकेट, 200 गुणिले 50 गुणिले 8, 80 हजार. इथरनेटचे 18 धरले की 218, म्हणून 87.2. आणि वायरशार्कला शेवटचे 4 बाईट, एफसीएस म्हणजे चूक तपासायचा आकडा, बहुतेक दिसतच नाहीत, कार्डच ते कापून घेतं, म्हणून 214. छान प्रश्न विचारलास बाळा. हे बघणारा डंपवाला नव्हे.

हिंडलग्याचे_आप्पा

मी मिलिटरीत सिग्नलला होतो, 22 वर्षं एक्स्चेंजच केलो. तुम्ही दोघं सीयूसीएम आणि राऊटरवरनं भांडायलाय, पण बाहेरची लाईन कुणीच जोडलेली नाही असं दिसतंय. मी घरी 2811 ला एफएक्सओ कार्ड घालून लँडलाईन लावलो. इन्कमिंग आला, बोललो, समोरच्यानं ठेवला, आणि माझा पोर्ट तसाच उघडा! दुसरा कॉल येतोय तर बिझी. दिवसभर बायको म्हणते फोन का लागत नाही घरचा. राऊटरला मुळात अमेरिकेचे टोन ठावे, आपला ठेवल्याचा टोन त्याला कळतच नाही. पोर्टवर सीपीटोन आयएन (भारताचे टोन) घातलो, सुपरवायझरी डिस्कनेक्ट (समोरच्यानं ठेवलेलं ओळखायचं) लावलो, मग सुटला.

पुस्तकातला डायल प्लॅन पण तसाच परदेशी. 9 नंतर 1 नंतर तीन आकडी एरिया कोड, असलं पाठ करून तुम्ही टिळकवाडीतल्या ऑफिसात काय लावणार? आपलं 0831 आणि पुढं सात आकडे, खानापूरला 08336 आणि पुढं सहा. आणि 15 जानेवारी 2021 पासनं लँडलाईनवरनं मोबाईलला आधी शून्य लावावा लागतो. ह्या एका शून्यापायी मी उद्यमबागेतल्या दोन कारखान्यांचे डायल-पीअर (कुठला नंबर कुठं सोडायचा ते नियम) बदलून दिलो. तेव्हा सामान खरं असो नाहीतर लॅपटॉपवरचं, लॅबमध्ये आपल्या गावचे नंबर घाला.

शिनोळी_शिफ्ट

आप्पा बरं झालं विषय काढलात. आमच्या मालकाचं ऑफिस बेळगावात आणि युनिट शिनोळीला, मधे 15-20 मिनिटांचा रस्ता पण हे कर्नाटक ते महाराष्ट्र. मालक म्हणाला दोन्हीकडं आयपी फोन जोडा आणि बेळगावच्या गिऱ्हाइकाला शिनोळीतनं थेट बेळगावच्या लँडलाईनवरनं फोन लावायची सोय करा, एसटीडी वाचेल. मी पण होय म्हटलो, हात शिवशिवतच होते. ताईंच्याच फील्डमधल्या एका मित्रानं थांबवलं.

एनओसी_नाईट_ड्युटी

बरं केलं त्यांनी. ह्याला टोल बायपास म्हणतात. आपल्या दोन ऑफिसांत आपापसात आयपीवर बोलणं वेगळं, आणि नेटवरनं आणलेला कॉल दुसऱ्या गावात लँडलाईनला सोडून एसटीडी चुकवणं वेगळं, ते परवान्याच्या नियमात बसत नाही. कॉलमॅनेजरमध्ये लॉजिकल पार्टिशनिंग म्हणून जे आहे, जिओलोकेशन लावून कुठला कॉल कुठल्या गेटवेतनं बाहेर जाऊ द्यायचा ते ठरवायचं, ते मुख्यतः भारतातल्या ह्याच नियमापायी आलंय. अभ्यासात लोक हा भाग ओलांडून जातात, आपल्याकडच्यांनी तरी जाऊ नये. आणि घरच्या लॅबला लँडलाईन जोडणाऱ्यांनी पण ती फक्त स्वतःपुरती ठेवा, मित्राला पुण्याहून ह्या लाईनीवर सोडायचं असले उद्योग नकोत.

खडे_बाजार_रिपेअरी

म्हणजे शेवटी काय घ्यायचं? कुणीतरी एक आकडा सांगा की गा.

अनगोळचा_वायरमन

मी अजून पण म्हणतो फोन पाहिजे. पण ताईंचं वाचून काल रात्री अ‍ॅस्टेरिस्क टाकलो आणि खरं सांगू काय, एसआयपीची शिडी बघितल्यावर 2811 चा आवाज थोडा जास्तच वाटायलाय. आज परत घ्यायचं झालं तर राऊटर घेतला नसता. स्वीच आणि एक फोन, तो पण एसआयपी बोलणारा, आणि उरलेल्या पैशाची लॅपटॉपला रॅम. सीयूसीएमचं डीक्लाऊडवर. घेताना एक बघा, जुने बरेच फोन नव्या कॉलमॅनेजरनं यादीतनं काढून टाकलेत, दुकानदार सगळं चालतंय म्हणतो.

एनओसी_नाईट_ड्युटी

स्वीच पण कशाला ओ, एक अ‍ॅडॅप्टर बास आहे.

अनगोळचा_वायरमन

अ‍ॅडॅप्टरवर व्हॉईस व्हीलॅन कसा शिकायचा ताई 😀

हिंडलग्याचे_आप्पा

चालू द्या.

खडे_बाजार_रिपेअरी

वायरमन, तुझ्याकडं जुना 3560 आहे म्हणालास नव्हं? रविवारी दाराचा टेकू घेऊन येतो अनगोळला, लागतो काय बघू.

अनगोळचा_वायरमन

ये की. दहानंतर ये, आई देवळात जाते, तेवढाच वेळ गिरणी चालवायला मिळते.

खानापूर_पावसाळी

अण्णा मी पण येऊ काय? लाईट आहे न्हवं तिकडं?