मदत हवी आहे: आजींचा किमोनो, माझी उंची

नमस्कार मंडळी,

टोकियोत निशी-कासाईला राहून दोन वर्षं झाली. शेजारच्या आजी चहाचा समारंभ शिकवतात. नोव्हेंबरात त्यांच्याकडे रोबिराकी आहे, म्हणजे जमिनीतली चूल हिवाळ्यासाठी उघडायचा दिवस. मला बोलावलंय आणि घालायला स्वतःचा रेशमी किमोनोही दिलाय. हौसेनं घेतला खरा, आता घाम फुटलाय.

कारण उन्हाळ्यातली फजिती. आतषबाजी बघायला जाताना युकाता (उन्हाळी सुती किमोनो) घातला होता. व्हिडिओतल्या बाईसारखं दिसेपर्यंत आरशात बघून गुंडाळत बसले, आणि आरशानं उलटं केलं! उजवी बाजू वर आली, जी फक्त मृतदेहाला घेतात. स्टेशनवर एका अनोळखी बाईंनी हाताला धरून स्वच्छतागृहात नेलं आणि एक अक्षर न बोलता सगळं सोडून पुन्हा बांधून दिलं. आता पदर डाव्या खांद्यावर तशी डावी बाजू वर, हे डोक्यात पक्कं बसलंय.

खरी अडचण वेगळीच. बायकांचा किमोनो साधारण उंचीएवढा लांब असतो आणि जास्तीचं कापड कमरेला दुमडून ओबीखाली (रुंद कमरपट्ट्याखाली) घडी दाखवायची, तिला ओहाशोरी म्हणतात. आजी जेमतेम पाच फूट, मी पाच फूट सहा इंच. घोट्यापर्यंत काठ आणला की घडीला कापडच उरत नाही. ओचा खोचायची सवय असलेल्या बाईला नुसत्या नाड्यांवर भरवसा ठेवणं अवघड जातं हो. बाह्याही आखूड, मनगटं उघडी.

शिवाय बांगड्या आणि मंगळसूत्राचं काय करायचं?

प्रतिसाद १

ताई, मी क्योतोत सहा वर्षं आहे, उंची तुमच्याएवढीच. कोशिहिमो (पहिली नाडी) कमरेला बांधताय ना? ती खाली, कमरेच्या हाडांवर बांधा. तेवढंच कापड सुटतं, ओहाशोरी बारीक का होईना, निघते. घडीशिवायही घालतात, पण ते घरी किंवा भटकायला. रोबिराकी म्हणजे चहावाल्यांचं नववर्ष, तिथे नको. नाहीच जमलं तर आजींना सरळ सांगा, लपवू नका.

आतलं नागाजुबानही (किमोनोखाली घालायचा झगा) त्यांचंच मागा. तुमच्या मापाचं घेतलंत तर त्याच्या बाह्या किमोनोबाहेर डोकावतील, ते आखूड बाहीपेक्षा वाईट दिसतं.

बांगड्या, अंगठी, घड्याळ काढाच. चहाच्या वाडग्याला ओरखडा जातो. मंगळसूत्र पुढून गळपट्टीत लपेल, पण मागून गळपट्टी मूठभर खाली ओढलेली असते, तिथे काळे मणी दिसणार. मी पर्समध्ये ठेवते. सासूबाईंना फोटो पाठवत नाही, एवढंच! टिकलीला कुणी काही म्हटलेलं नाही.

अत्तर नको, धुपाचा वास मरतो. पांढऱ्या ताबीचा (किमोनोवर घालायचे मोजे) एक स्वच्छ जोड सोबत न्या आणि आत जाण्याआधी बदला. तातामीच्या (जमिनीवरच्या चटईच्या) काठावर पाय देऊ नका. आणि परत करताना कौतुकानं धुऊन वगैरे देऊ नका! रात्रभर सावलीत टांगा, घडी घाला, बाकी आजींना विचारा.

मूळ लेखिका

आत्ताच नाडी खाली बांधून बघितली. दोन बोटं ओहाशोरी आली! डावीकडे तीन, उजवीकडे दीड, पण आली. नागाजुबान उद्या मागते. मांडी घालून बसायची सवय आहे, पण सेइझात पाय टाचांवर दुमडून पाऊण तास बसायला काय करता? दहा मिनिटांत मुंग्या येतात.