सिमग्रिड: दोन क्लस्टरची प्लॅटफॉर्म फाइल – फुल राउटिंग, क्लस्टर टॅग की सी++?

अर्धाबिट

सिमग्रिडमध्ये, म्हणजे संगणकांच्या जाळ्याची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, दोन क्लस्टर उभे करायचे आहेत. प्रत्येकी ३२ नोड. नोड ते स्विच १ गिगाबिट, लेटन्सी ५० मायक्रोसेकंद, स्विच नॉन-ब्लॉकिंग. दोन क्लस्टरांच्या मधे १० गिगाबिटची लांबची लिंक, २० मिलिसेकंद. डेटा कुठे ठेवायचा आणि काम कुठे पाठवायचं, याचे अल्गोरिदम तपासायचे आहेत. संदेश मोठे, १०० एमबीच्या घरातले.

प्लॅटफॉर्म फाइल (जाळ्याचं वर्णन) एका जुन्या उदाहरणावरून बेतली आहे. आधी दोन वेगळे झोन (जाळ्याचे स्वतंत्र भाग) केले, तर एकातून दुसऱ्यात पाठवताना राउट सापडत नाही म्हणून बंद पडायचं. सध्या सगळे ६४ होस्ट एकाच फुल झोनमध्ये (प्रत्येक जोडीचा राउट लिहावा लागतो असा) टाकून स्क्रिप्टने २०१६ राउट लिहिले आहेत. चालतंय, पण आकडे असे येतात:

शेजारच्या नोडकडून एकच प्रवाह: ११५ एमबी प्रति सेकंद.
दूरच्या नोडकडून एकच प्रवाह: १०४.
एकाच नोडवर दोन्हीकडून एकदम: दूरचा प्रवाह धाडकन दोन-अडीचवर.

चूक फाइलमध्ये आहे का? आणि पुढे हजारभर नोड करायचे तर काय वापरावं?

राउटरबुवा

आकड्यांचं नंतर बघू, आधी फाइल.

जुनं उदाहरण म्हणताय म्हणजे त्यात 'एएस', 'एएसराउट', 'पॉवर' असणार. आता ते अनुक्रमे 'झोन', 'झोनराउट', 'स्पीड' झालेत आणि प्लॅटफॉर्मची आवृत्ती ४.१ लिहायची. हाताने बदलत बसू नका, सिमग्रिडसोबतच 'सिमग्रिड अपडेट एक्सएमएल' नावाची स्क्रिप्ट येते, ती फाइल बदलून देते. प्रत्येक आकड्याला एकक लावा. बँडविड्थमध्ये मोठा 'बी' म्हणजे बाइट, लहान 'बी' म्हणजे बिट. या एका अक्षराने आठपट फरक पडतो आणि पार्सर हूं की चूं करत नाही, कारण दोन्ही एककं वैध आहेत.

आता रचना. सर्वांत बाहेर एकच मूळ झोन, राउटिंग फुल. त्याच्या आत दोन क्लस्टर टॅग, लांबची लिंक आणि एकच झोनराउट. बाहेरच्या झोनमध्ये सुटे होस्ट ठेवू नका. क्लस्टर टॅगला प्रीफिक्स, सफिक्स आणि रॅडिकल द्या. रॅडिकल म्हणजे नोडांचे क्रमांक: '०-३१' दिलं की ३२ होस्ट आपोआप तयार. दोन्ही क्लस्टरांचे प्रीफिक्स किंवा सफिक्स वेगळे हवेत, नाहीतर होस्टची नावं एकमेकांना धडकतील. स्विच नॉन-ब्लॉकिंग आहे, तेव्हा बॅकबोनची (क्लस्टरमधल्या सामायिक मधल्या लिंकची) बँडविड्थ आणि लेटन्सी देऊच नका. दिलीत तर सगळ्या नोडांची रहदारी त्या एका लिंकमधून जाईल आणि तुमचा नॉन-ब्लॉकिंग स्विच ब्लॉकिंग होईल.

राउट सापडत नव्हता तो गेटवेमुळे, म्हणजे झोनमधून बाहेर पडायच्या दारामुळे. झोनराउटमध्ये 'सोर्स' आणि 'डेस्टिनेशन' ही झोनांची नावं असतात, पण दोन्ही गेटवे हे त्या-त्या झोनच्या आतले राउटर किंवा होस्ट असावे लागतात. क्लस्टर टॅग स्वतःचा राउटर बनवतो, पण त्याचं नाव प्रीफिक्स, क्लस्टरचं नाव, 'राउटर' आणि सफिक्स जोडून तयार होतं. ते अंदाजाने लिहिलं की हमखास चुकतं. 'राउटर आयडी' हा अॅट्रिब्यूट स्वतः भरा आणि तेच नाव गेटवेत लिहा. गेटवेंची अदलाबदल ही दुसरी नेहमीची चूक: सोर्स झोनचा गेटवे सोर्सच्याच बाजूला.

क्लस्टरकाकू

आकड्यांचं मी सांगते. तिन्ही आकडे बरोबर आहेत, म्हणजे मॉडेलच्या हिशोबाने बरोबर. सिमग्रिडचं पूर्वनिर्धारित नेटवर्क मॉडेल एलव्ही०८ आहे. ते लेटन्सीला १३.०१ ने आणि बँडविड्थला ०.९७ ने गुणतं. शिवाय क्रॉसट्रॅफिक चालू असतं, म्हणजे प्रत्येक प्रवाहाच्या ५ टक्के रहदारी उलट दिशेने धरली जाते.

११५: लिंकवर शेअरिंग पॉलिसी लिहिली नाही की ती 'शेअर्ड' धरली जाते. जाणारी आणि येणारी रहदारी एकाच नळीतून. १२५ गुणिले ०.९७ म्हणजे १२१.२५, त्याला १.०५ ने भागा, ११५.५. खऱ्या इथरनेटला दोन दिशा वेगळ्या असतात, म्हणून 'स्प्लिटडुप्लेक्स' हवं. क्लस्टर टॅगमध्ये नोडच्या लिंक आपोआप तशाच असतात, तिथे १२१ मिळेल. लांबच्या लिंकला मात्र ते तुम्हीच लिहायचं, आणि मग झोनराउटमध्ये दिशा द्यायची, 'अप' किंवा 'डाउन'. मी जाण्याचा आणि येण्याचा झोनराउट वेगळा लिहून दोन्हींना 'सिमेट्रिकल' नाही असं ठेवते. चार ओळी वाढतात, पण वाचणाऱ्याला संशय उरत नाही. उलटा राउट लिहायला विसरू नका. तुम्ही एकाच दिशेने पाठवत असलात तरी क्रॉसट्रॅफिकला परतीची वाट लागते.

१०४: हे टीसीपी-गॅमा. ही टीसीपी विंडोची कमाल मर्यादा, मुळात ४१९४३०४ बाइट. प्रवाहाचा वेग गॅमा भागिले लेटन्सीच्या दुपटीच्या वर जात नाही. तुमच्या वाटेची लेटन्सी २०.१ मिलिसेकंद, म्हणून १०४.३. इथे १३.०१ चा गुणक लागत नाही, मूळ लेटन्सीच धरली जाते. खऱ्या यंत्रावर विंडो किती आहे ते लिनक्सच्या टीसीपी-आरमेम आणि टीसीपी-डब्ल्यूमेम या सेटिंगमधल्या तिसऱ्या आकड्यात दिसतं, तो इथे भरा. ही मर्यादाच नको असेल तर गॅमा ० करा.

अडीच: हे सर्वांत फसवं. अडलेल्या लिंकवर मॉडेल समान वाटणी करत नाही. प्रत्येक प्रवाहाचं वजन त्याच्या वाटेच्या लेटन्सीवरून ठरतं, त्यात वाटेतल्या प्रत्येक लिंकसाठी २०५३७ भागिले बँडविड्थ इतकी भर पडते; हा आकडा जितका मोठा, तितका वाटा कमी. जवळच्या वाटेचा हिशोब ०.०००४३; दूरच्या वाटेचा ०.०२०४. जवळजवळ ४८ पट. म्हणून दूरच्याला ४९ भागांतला एकच भाग मिळतो. लांबच्या टीसीपी प्रवाहाला कमी वाटा मिळतो हे खरंच आहे, पण तुमच्या अल्गोरिदमचा निकाल याच गुणोत्तरावर टेकलेला असेल तर तेवढी एक मांडणी पॅकेट-पातळीवर, एनएस-३ या दुसऱ्या सिम्युलेटरवर ताडून पाहा. सिमग्रिड एनएस-३ सकट बांधलं असेल तर नेटवर्क मॉडेल बदलायचं; फाइलमधले राउट मात्र एकेका लिंकचेच हवेत, त्याहून लांबचे धरले जात नाहीत.

शून्यविलंब

काकूंच्या उत्तराला पुस्ती. अल्गोरिदम चालवण्याआधी दोन होस्टची चाचणी करा: एक बाइट पाठवा, मग १०० एमबी. क्लस्टरच्या आत एका बाइटला १.३ मिलिसेकंद लागले पाहिजेत, कारण दोन लिंकांचे १०० मायक्रोसेकंद गुणिले १३.०१. शंभर एमबीला ०.८२६ सेकंद. ०.८७ च्या आसपास आलं तर कुठेतरी 'शेअर्ड' राहिलंय. मॉडेल सीएम०२ (जुनं, साधं मॉडेल) केलं की दोन्ही गुणक १ होतात, मग फाइलची चूक कुठली आणि मॉडेलचा परिणाम कुठला हे वेगळं दिसतं.

हजार नोडांना एकच फुल झोन म्हणजे ४,९९,५०० राउट. नकोच. सगळं क्लस्टरांत बसत असेल तर क्लस्टर टॅग. वेडंवाकडं जाळं असेल तर फ्लॉइड किंवा डायक्स्ट्रा, तिथे फक्त शेजारी-शेजारी राउट लिहायचे. फ्लॉइड सगळ्या वाटा सुरुवातीलाच काढून ठेवतो, मेमरी नोडांच्या वर्गाने वाढते. डायक्स्ट्रा मागेल तेव्हा काढतो, म्हणून मेमरी कमी पण प्रत्येक वेळी हिशोब. कॅशवालाही एक प्रकार आहे.

आणि माझं मत विचाराल तर एक्सएमएल सोडा. 'लोड प्लॅटफॉर्म' नावाचं सी++ फंक्शन लिहून शेअर्ड लायब्ररी बांधा आणि एक्सएमएलच्या जागी तीच फाइल द्या. नोडांची संख्या बदलायची तर लूपमधला आकडा बदलायचा.

राउटरबुवा

यावर माझं जमत नाही. दोन क्लस्टर आणि एका लिंकसाठी एक्सएमएल वीस ओळींत संपतं, कंपाइल करावं लागत नाही, आणि सिमग्रिडच्या ग्राफिकेटर या साधनाने डॉट फाइल काढून आकृती बघता येते. फॅट-ट्री (स्विचची झाडासारखी पातळ्यांची रचना) सुद्धा क्लस्टर टॅगच्या टोपॉलॉजीत होतो. फक्त रॅडिकलमधले नोड आणि पॅरामीटरमधल्या खालच्या जोडण्यांचा गुणाकार जुळला पाहिजे: दोन पातळ्या, ४ आणि ४, म्हणजे बरोबर १६ नोड. नोडांच्या संख्येचे अनेक प्रयोग एकापाठोपाठ करायचे असतील तेव्हा सी++, हे मान्य.

अर्धाबिट

झोनराउट जमला, राउटर आयडी दिल्यावर लगेच. क्लस्टरच्या आत १०० एमबीला ०.८२६ येतंय. आता होस्टचा स्पीड काय लिहू? प्रोसेसरच्या माहितीपत्रकातला कमाल आकडा चालेल?

क्लस्टरकाकू

नाही. तो आकडा क्वचितच गाठला जातो. तुमच्या कामाचाच मुख्य हिशोबाचा भाग खऱ्या नोडवर एका कोअरवर चालवा, त्यातल्या फ्लॉप (दशांश आकडेमोडी) मोजा, लागलेल्या वेळाने भागा. स्पीड हा प्रत्येक कोअरचा असतो, कोअरची संख्या वेगळ्या अॅट्रिब्यूटमध्ये जाते. सगळ्या कोअरचा मिळून स्पीड लिहून वर कोअर ८ दिले की नोड आठपट वेगवान होतो. मेमरीवर अवलंबून असलेलं काम असेल तर सगळे कोअर एकदम चालवून मोजा आणि त्या वेळचा प्रति-कोअर आकडा घ्या, तो एकट्या कोअरपेक्षा कमी येतो.