विषय: इथे इंग्लंडात घर घेतोय, कोथरूडचा अर्धा फ्लॅट आडवा येतो का?

रीडिंगकर, रविवार रात्री

नमस्कार मंडळी,

गणपतीत भेटलेल्यांना माहीत आहे, सात महिने झाले, आम्ही दोघं दर शनिवारी लोकांच्या घरात बूट काढून फिरतोय. शेवटी एक पटलं. तीन बेडरूमचं सेमी (एक भिंत शेजाऱ्यांशी सामायिक), १९३०च्या दशकातलं, मागे छोटी बाग, साडेचार लाख पाउंड. मालकीणबाईंनी ऑफर मान्य केली. एजंट म्हणाला, "पहिलंच घर ना? मग स्टँप ड्यूटी फक्त साडेसात हजार." आम्ही त्या रात्री बाहेर जेवून आलो.

काल सॉलिसिटरचा फॉर्म आला. त्यात एक प्रश्न आहे: जगात कुठेही तुमच्या मालकीचं घर आहे का, किंवा पूर्वी होतं का? बाबांनी २०१७ साली कोथरूडला फ्लॅट घेतला, तेव्हा 'पुढे धावपळ नको' म्हणून करारनाम्यात माझंही नाव घातलं. पैसे सगळे त्यांचे. मी त्या घरात सगळ्या सुट्ट्या धरून चार महिनेही राहिलो नसेन. हेही मोजतात का? ऑफिसातला मित्र म्हणतो, 'नाही' वर खूण कर, भारतातलं इथे कोणाला कळतंय.

आणखी दोन गोष्टी. आई-बाबा चाळीस हजार पाउंड देणार आहेत, ते आणायचे कसे? आणि सर्व्हेवर पैसे घालवायचे का? एजंटच्या मते बँक करते तेवढा पुरतो.

– रीडिंगकर

स्लावकर, सोमवार सकाळी

अहो रीडिंगकर,

आधी त्या मित्राला बाजूला ठेवा. स्टँप ड्यूटीचं रिटर्न तुमच्या नावाने जातं, खरंखोटं तुमच्या अंगावर. सॉलिसिटर ते ताबा मिळाल्यावर १४ दिवसांत भरतो, आणि तुम्ही सांगितलं तेच भरतो.

माझीच गोष्ट सांगतो. २०१८ साली आम्ही इथलं घर घेतलं, ३,८०,००० पाउंडांना. फॉर्ममध्ये मी ऐटीत 'नाही' लिहिलं, कारण डोंबिवलीचा वन बीएचके माझ्या नावावर नव्हताच, हिच्या नावावर होता. सह्यांच्या दोन दिवस आधी ही चहा गाळता गाळता म्हणाली, "तो डोंबिवलीचा फ्लॅट सांगितलास ना त्यांना?" सॉलिसिटरला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, एकत्र राहणारे नवरा-बायको या कायद्याला एकच. तेव्हा दुसऱ्या घरावरचा जादा दर ३ टक्के होता. ११,४०० पाउंड! नवीन सोफा राहिला, गादी जमिनीवर आली, आणि डोंबिवलीचं भाडं किती महिन्यांत हे फेडेल याचा हिशेब मी पाकिटाच्या मागे करत बसलो. तो हिशेब सांगण्यासारखा नाही.

आता तो जादा दर ५ टक्के आहे, ३१ ऑक्टोबर २०२४ पासून. तुमच्या साडेचार लाखांवर बघा:

पहिलं घर म्हणून सवलत मिळाली तर ७,५००.
सवलत नाही, पण दुसरं घरही नाही, तर १२,५००.
दुसरं घर आहे असं धरलं तर त्यावर आणखी २२,५००, म्हणजे ३५,०००.

तुमच्या बाबतीत पहिली ओळ गेल्यात जमा आहे. पहिल्या घराची सवलत त्यालाच, ज्याने जगात कुठेही कधी घर घेतलेलं नाही. विकत, बक्षीस, वारसा, काहीही चालत नाही. आणि दोघांच्या नावावर घेताय, तर दोघंही तसेच कोरे हवेत.

मधली ओळ मात्र हातात आहे. जादा दर लागायला दुसऱ्या घरातला तुमचा वाटा ४०,००० पाउंडांचा किंवा वर हवा, आणि तो ताब्याच्या दिवसाअखेर तुमच्याकडे असायला हवा. आजच्या भावाने ४०,००० म्हणजे सत्तेचाळीस लाखांच्या आसपास. कोथरूडचा अर्धा फ्लॅट त्याच्या वरच असणार.

एक मात्र आधी नीट बघा. तुमचं नाव नक्की कुठे आहे? सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव असणं वेगळं आणि इंडेक्स टूवर, म्हणजे खरेदीच्या सरकारी नोंदीच्या उताऱ्यावर, खरेदीदार म्हणून असणं वेगळं. आपल्याकडे दोन्हीला सरसकट 'नाव लावलं' म्हणतात आणि मग पंचाईत होते. बाबांकडून इंडेक्स टूचा फोटो मागवा. व्हॉट्सॅपवर नको, तो धूसर येतो, स्कॅन मागवा.

पैशांचं: परदेशी पैसे पाठवायला माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर्सची मुभा आहे, त्यामुळे मर्यादेची चिंता नको. पण आर्थिक वर्षात माणशी १० लाख रुपयांच्या वर गेलं की बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. एकट्या बाबांनी सत्तेचाळीस लाख पाठवले तर सात लाख चाळीस हजार अडकतील. आई-बाबांनी निम्मेनिम्मे पाठवले तर दोघांचे मिळून पाच लाख चाळीस हजार. ते बुडत नाहीत, त्यांच्या रिटर्नमध्ये वळते होतात, पण तोवर हातात नसतात. म्हणजे पाठवणार आहेत त्याहून जास्त रक्कम खात्यात तयार हवी. इथला सॉलिसिटर 'हे पैसे आले कुठून' म्हणून त्यांची बँकेची स्टेटमेंट मागेल, आणि 'ही भेट आहे, कर्ज नाही, घरावर आमचा हक्क नाही' असं सहीचं पत्रही. बाबांना आधीच समजावून सांगा. माझे सासरे हे पत्र वाचून आठवडाभर बोलले नव्हते.

सर्व्हेबद्दल: बँक करते ते मूल्यांकन, तेही बँकेसाठी. घर नव्वद वर्षांचं आहे. लेव्हल थ्री, म्हणजे सगळ्यात सखोल सर्व्हे, करा.

– स्लावकर

मिल्टन कीन्सकर, सोमवार दुपारी

स्लावकर काका, वारशाबद्दल एक पुस्ती जोडते, कारण आमच्या माहेरच्या सांगलीच्या घरावरून आम्ही हे सगळं भोगलंय.

वारशाने आलेला वाटा निम्मा किंवा त्याहून कमी असेल, तर वारसा मिळाल्यापासून तीन वर्षं तो जादा दरासाठी धरत नाहीत. आम्ही तीन भावंडं, माझा तिसरा हिस्सा. बाबा गेल्याला दोन वर्षं झाली होती तेव्हा आम्ही इथे घेतलं, म्हणून वाचलो. पण पहिल्या घराची सवलत गेलीच. जिथे मी जन्मले त्या घरामुळे मी इथे 'पहिली' राहिले नाही. आई म्हणाली, हे काय तुमच्या राणीचं राज्य. राणी गेली, आता राजा आहे, एवढंच मी म्हटलं.

आणि ज्यांचं सातबाऱ्यावर नाव आहे त्यांनी उगाच घाबरू नका. नुसती शेतजमीन म्हणजे घर नव्हे. चौदा नावांच्या वाड्यातला तुमचा माडीचा कोपराही बहुतेक ४०,००० पाउंडांचा भरणार नाही.

– मि. की.

एडिनबराकर, सोमवार संध्याकाळी

तुमच्या इंग्लंडच्या पद्धतीचं मला कायम नवल वाटतं. ऑफर मान्य झाली म्हणून तुम्ही बाहेर जेवून आलात, पण कॉन्ट्रॅक्टची अदलाबदल होऊन दहा टक्के भरेपर्यंत ती बाई उद्या दुसऱ्याला जास्त पैशांत देऊ शकते, आणि तुम्हीही हात वर करू शकता. आपल्या गावी विसार घेतल्यावर माणूस निदान तोंड लपवतो.

आमच्याकडे स्कॉटलंडात विकणाराच घराचा रिपोर्ट करून ठेवतो, तो बघून आपण 'या रकमेच्या वर' म्हणून ऑफर बंद पाकिटात देतो. फ्लॅटचंही इथे बरं, मालकी पक्की. तुमच्यासारखा ९९ वर्षांच्या लीजचा आणि ग्राउंड रेंटचा ताप नाही. पण पाकिटात किती लिहायचं हे कोणी सांगत नाही. आम्ही तीन घरं हरलो, चौथं दीड हजाराने जिंकलो. आणि दुसऱ्या घराचा जादा कर इथे डिसेंबर २०२४ पासून ८ टक्के, तेव्हा इकडे पळून यायचा विचार असेल तर करू नका. पुण्याचा फ्लॅट इथेही मोजतात.

– एडिनबराकर

मंडळाकडून, मंगळवार

चर्चा उत्तम चालू आहे, पण फराळाच्या ऑर्डरी याच धाग्यात 'सर्वांना उत्तर' करून पाठवू नयेत ही विनंती. एकाने अर्धा किलो चकली स्टँप ड्यूटीखाली मागितली आहे. ती नोंदवली आहे.

रीडिंगकर, पाच आठवड्यांनी

मंडळी, सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगतो, पुढच्याला उपयोगी पडेल.

इंडेक्स टूवर मी खरेदीदार आहे, निम्म्याचा. सॉलिसिटरने कर सल्लागाराकडे पाठवलं. त्याचं म्हणणं, पैसे बाबांचे असले तरी तो निम्मा वाटा मला बक्षीसच मिळाला असं धरायचं. म्हणजे ३५,०००. तेवढे दिले तर बँकेसाठी ठेवलेली डिपॉझिटची रक्कमच कमी पडते.

मग बाबांना माझा वाटा परत द्यायचं ठरलं. इथे एक मेख आहे जी मला माहीत नव्हती: आपण इथे राहतो म्हणून वडिलांना फुकट दिलं तरी इथला कॅपिटल गेन्स टॅक्स बाजारभाव धरून बघतात. ऐकूनच पोटात गोळा आला. पण हिशेब पाउंडांत करायचा असतो, घेतानाचा भाव तेव्हाच्या दराने आणि देतानाचा आजच्या. फ्लॅट पंच्याण्णव लाखांचा, माझा निम्मा साडेसत्तेचाळीस लाख. तेव्हा पाउंड चौऱ्याऐंशीच्या घरात, म्हणजे साडेछप्पन हजार पाउंड. आज वाटा पंचाहत्तर लाखांचा, पण पाउंड एकशे अठराच्या आसपास, म्हणजे साडेत्रेसष्ट हजार. रुपयांत साडेसत्तावीस लाख वाढले, पाउंडांत जेमतेम सात हजार. त्यातले ३,००० माफ, उरलेल्यावर २४ टक्के. हजारभर पाउंडांत सुटलो. रुपया घसरला म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा खूश झालो.

सल्लागाराने एक बजावलं: देणं खरं हवं. कागदावर देऊन मागच्या दाराने आपलंच म्हणत असाल तर ते देणं नव्हे. बाबांना हे फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "मग आता आमच्यानंतर काय?" मी म्हटलं, मृत्युपत्र करा. पलीकडे बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज.

दिवाळीला पुण्याला गेलोच होतो, तेव्हाच बक्षीसपत्र नोंदवून आलो. आई-बाबांनी मुलाला राहतं घर बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क दोनशे रुपये. मुलाने बापाला दिलं की तो दर लागत नाही. बाबा निबंधकाच्या कचेरीत हेच पुन्हा पुन्हा म्हणत होते, "तुला दिलं असतं तर दोनशे!" शुल्क त्यांनीच भरलं. अंगठ्याच्या मशीनवर त्यांचा ठसा तीनदा उमटला नाही. इतकी वर्षं खडू धरून बोटं गुळगुळीत झालीत. बाईंनी ओलं फडकं दिलं, मग चौथ्यांदा उमटला.

आता सर्व्हेचं. स्लावकर काका, तुमच्या पुढच्या जेवणाचा खर्च माझा. सर्व्हेअर गृहस्थ लॉफ्टमध्ये चढले आणि वरून हाक मारली, "जरा वर या." चिमणीचं विटांचं धूड छतापर्यंत जागच्या जागी. खाली स्वयंपाकघर मोठं करायला कोणीतरी त्याचा खालचा भाग तोडून टाकलेला. वरच्या त्या विटा दोन लाकडी ओंडक्यांवर टेकलेल्या, आणि एका ओंडक्याला बोट जाईल एवढी भेग. त्या कामाचा कौन्सिलचा दाखला कोणाकडेच नव्हता. मालकीणबाई म्हणाल्या, आम्ही आलो तेव्हापासून असंच आहे. एजंटने सुचवलं, विमा काढा. विमा कागदाचा निघतो हो, विटा पडायच्या त्या पडणारच.

स्टीलचा बीम घालायचा खर्च काढला आणि किंमत साडेचार लाखांवरून ४,३८,००० वर आणली. स्टँप ड्यूटी आता ११,९००. मालकीणबाई आठवडाभर गप्प होत्या. एडिनबराकरांची आठवण आली, वाटलं, गेलं घर. मग 'ओके' एवढंच उत्तर आलं. गेल्या गुरुवारी अदलाबदल झाली, दहा टक्के भरले. ताबा १२ तारखेला, शुक्रवार.

आईचा एक प्रश्न उरलाय, तो तुमच्यापुढे ठेवतो. वास्तुशांतीला होम करायचाच म्हणते. घरात तीन स्मोक अलार्म आहेत, तिन्ही वायरने एकमेकांना जोडलेले. तुम्ही काय करता?

– रीडिंगकर

मिल्टन कीन्सकर, अर्ध्या तासाने

अलार्मना काही करू नका, होम बागेत करा. डिसेंबरात वारा असतो, गुरुजींना कोट घालून बसवा. आमचे बसले होते. शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा, नाहीतर बंब येतो. आमच्याकडे आला होता.

स्लावकर, त्यानंतर पाच मिनिटांनी

बीम आधी घाला, होम नंतर. आणि ती चकली माझी होती.