बांधून घेतलेल्या टू-स्ट्रोक ओबीएममध्ये ऑइल कुठलं घालू?

नवखा_तांडेल:
४० एचपीचं दोन सिलिंडरवालं आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेर लावायचं इंजिन (ओबीएम) आहे. कार्ब्युरेटरचं, ऑइल पंप नाही, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं. बोअर मारून घेतला. ओव्हरसाइज पिस्टन, रिंगा, क्रँकची सीलं, सगळं नवीन. अजून पाण्यात उतरवलेलं नाही, कारण ऑइलवरून जितकी तोंडं तितकी उत्तरं. फिटर म्हणतो २५:१ मिक्स कर आणि कायम तेच चालव. दुकानदार फुल सिंथेटिक गळ्यात मारायला बघतोय. शिवाय घरी स्कूटरच्या टू-टी ऑइलचा डबा जवळजवळ भरलेला पडून आहे, त्यावर जेएएसओ एफडी (जपानी मानकाची ग्रेड) असं छापलंय. एफडी म्हणजे वरचीच ग्रेड ना? मग तेच वापरलं तर?

जुनी_होडी:
डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं बघा आणि घ्या. विषय संपला.

खारं_पाणी:
विषय संपला नाही हो, त्यांना कारण कळलं नाही तर उद्या तोच डबा ओततील.

एफडी वाईट नाही, उलट उत्तम आहे, पण हवेवर थंड होणाऱ्या इंजिनासाठी. ती इंजिनं तापतात जास्त, म्हणून पिस्टन साफ ठेवायला त्या ऑइलमध्ये धातूचे क्षार असलेली डिटर्जंट घालतात. ती जळली की थोडी राख उरते. स्कूटरला ते चालून जातं. आउटबोर्डच्या सिलिंडरभोवती पाणी खेळतं, आणि त्यात तुम्ही एकदा रेस दिली की तासन् तास एकाच आरपीएमवर चालवता. स्कूटरसारखं सिग्नलला थांबणं, रेस सोडणं नाही. राख पिस्टनच्या माथ्यावर आणि प्लगवर साचत जाते, तापून लाल होते आणि प्लगची ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटवते. अशा इंजिनाचं हेड काढलं की करड्या खरपुडीच्या मधोमध वितळलेलं भोक दिसतं, आणि प्लगच्या टोकाला ॲल्युमिनियमचे बारीक मणी चिकटलेले असतात. टीसी-डब्ल्यू३ हे अमेरिकेतल्या एनएमएमए या संघटनेचं प्रमाणपत्र आहे. त्या ऑइलमधली डिटर्जंट राख न सोडणारी असतात आणि गंज रोखण्याचीही परीक्षा झालेली असते. खाऱ्या पाण्यात हे दुसरं कलम तितकंच महत्त्वाचं.

आता फिटरचं २५:१. सुरुवातीला बरोबर, कायमचं नाही. इंजिनाच्या पुस्तकात ५०:१ असेल तर लिटरला २० मिली. नवीन रिंगा बसेपर्यंत त्याच्या दुप्पट, म्हणजे लिटरला ४० मिली, २५ लिटरच्या टाकीला पूर्ण एक लिटर. हे साधारण पहिले १० तास. तुमच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तो पाळा. मग मुकाट्यानं ५०:१ वर या. "जास्त ऑइल म्हणजे जास्त सुरक्षित" हे मला पटत नाही. कार्ब्युरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोक, तेवढाच, त्यातून ऑइल जास्त गेलं म्हणजे पेट्रोल कमी गेलं, मिश्रण लीन झालं. वर एक्झॉस्टच्या पोर्टात कार्बन, रिंगा चिकटणार, ते वेगळंच. मुळातच २५:१ वर चालणारं जुनं मॉडेल असेल तर मात्र फिटर खरा. पुस्तक उघडून बघा.

सिंथेटिक नंतर घ्या, हवं असेल तर. बोअरवर होनिंगच्या, म्हणजे दगडानं घासल्याच्या, तिरक्या रेघा दिसतात ना, त्यांच्यावर घासूनच रिंगा बसतात. तोवर साधं मिनरल टीसी-डब्ल्यू३ बरं, असं माझं मत. यावर भांडायला लोक येतीलच.

प्लगपाना:
आलोच! सिंथेटिकवर पहिल्यापासून चालवलेली इंजिनंही धड चालतात. पण ऑइल कुठलं यापेक्षा चालवता कसं हे मोठं. पहिली १० मिनिटं स्लोवर, पहिला तास अर्ध्या रेसच्या आत, त्यानंतर रेस कमीजास्त करत राहायची. एकाच वेगावर लांब ओढत नेऊ नका. या काळात धूर दिसेल, प्लग ओले काळे होतील, त्यानं घाबरून ऑइल कमी करायला जाऊ नका. नवीन इंजिन रुळवायचा हा काळ (रनिंग-इन) संपला की प्लग बदलून टाका.

नवखा_तांडेल:
खूप आभार. पुस्तकात ५०:१ च आहे. ऑइल थेट टाकीत ओतू का? आणि दोन कंपन्यांचं टीसी-डब्ल्यू३ एकत्र झालं तर?

खारं_पाणी:
दोन्ही डब्यांवर टीसी-डब्ल्यू३ असेल तर बिघडत नाही. कॅनमध्ये आधी थोडं पेट्रोल, त्यात सगळं ऑइल, नीट हलवा, मग उरलेलं पेट्रोल. कोरड्या टाकीत आधी ऑइल ओतलंत तर ते तळाला बसतं. आणि लागेल तेवढंच मिक्स करा, महिनोन् महिने ठेवलेलं मिश्रण नव्या इंजिनाला नको.

एफडीचा डबा ग्रासकटरला वापरा, तिथं तो सोन्यासारखा आहे.

सगळे पार्ट मोजलेत, पण इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (पात्यांचं चाक) नवीन टाकला का?

नवखा_तांडेल:
नाही. जुनाच आहे, पाती थोडी वाकलेली.

खारं_पाणी:
मग ऑइल उद्या आणा. आधी इम्पेलर.