मदत हवी आहे: सायटेशन डेटाबेसमध्ये नसलेले मराठी संशोधन पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात कसे घ्यावे?

नमस्कार. मी नाशिक येथे इतिहास विषयात पीएच.डी. करीत आहे. गोदाकाठची कुंडे, घाट व मंदिरे आणि पांडवलेणी यांवर आजवर झालेल्या संशोधनाचा आढावा हे माझ्या प्रबंधाचे पहिले प्रकरण आहे. हा आढावा स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या सायटेशन डेटाबेसमधील (कोणत्या लेखाने कोणाचा हवाला दिला हे नोंदवणाऱ्या संग्रहांमधील) नोंदींवर आधारावा आणि त्यांवरून व्हीओएसव्ह्यूअर या संगणकप्रणालीत लेखांच्या परस्परसंबंधांचा नकाशा काढावा, म्हणजे ग्रंथांची निवड मनाप्रमाणे केली असा आक्षेप कोणी घेणार नाही, अशी मार्गदर्शकांची अपेक्षा आहे. हेतू मला पूर्ण मान्य आहे, पण त्यातून उभे राहणारे चित्र मान्य करणे अवघड जाते.

शोधात प्रामुख्याने पर्यटन, नदीचे प्रदूषण आणि कुंभमेळ्यातील गर्दीचे नियोजन यांवरचे लेख येतात. घाटांचे बांधकाम, दानपत्रे, तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या यांवर मराठीत झालेले काम जवळजवळ दिसतच नाही. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या त्रैमासिकातील किंवा धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाच्या 'संशोधक'मधील एकही लेख माझ्या शोधात आलेला नाही.

याचे कारण या डेटाबेसच्या घडणीतच आहे. वेब ऑफ सायन्सचे मूळ असलेली यूजीन गारफील्ड यांची 1964 मधील पहिली सायटेशन निर्देशिका विज्ञानाच्या नियतकालिकांसाठी होती. कला व मानव्यविद्यांची निर्देशिका 1978 मध्ये आली. 2004 मध्ये सुरू झालेल्या स्कोपसच्या निवडीच्या अटींत लेखाचे शीर्षक व सारांश इंग्रजीत आणि संदर्भ रोमन लिपीत असणे अपेक्षित आहे. तळटिपा देवनागरीत छापणारे मराठी त्रैमासिक, त्यातील लेख कितीही कसोशीने तपासलेले असले तरी, या अटींत बसत नाही. पुढे नवा विद्यार्थी नकाशात जिथे दाटी दिसते तिथलाच विषय निवडतो, त्याचा लेख त्याच लेखांचा हवाला देतो आणि दाटी आणखी वाढते. वारशातील कोणता भाग अभ्यासण्याजोगा, हे अशा रीतीने आधीच ठरून जाते, आणि मला याचीच सर्वांत अधिक काळजी वाटते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य नियतकालिकांच्या 2019 पासूनच्या यूजीसी-केअर यादीत मराठी नियतकालिकांना काही जागा तरी होती. फेब्रुवारी 2025 मध्ये ती यादी बंद होऊन नियतकालिके पारखण्याची जबाबदारी संस्थांवर आली, त्यामुळे सोपा निकष म्हणून स्कोपसवरच भर दिला जाईल अशी भीती आहे.

आतापर्यंत केलेले प्रयत्न सांगतो. वेब ऑफ सायन्समध्ये 'उद्धृत संदर्भ' शोधता येतात, त्यामुळे स्वतः निर्देशिकेत नसलेले ग्रंथही काही प्रमाणात सापडतात, परंतु वा. वि. मिराशी यांच्या सातवाहन व पश्चिमी क्षत्रपांच्या कोरीव लेखांवरील ग्रंथासारख्या मूलभूत कामाच्या नोंदी निरनिराळ्या स्पेलिंगांखाली विखुरलेल्या असतात आणि त्या हाताने एकत्र कराव्या लागतात. ओपनॲलेक्स या खुल्या डेटाबेसची व्याप्ती मोठी आहे, पण केवळ छापील आणि डीओआय (लेखाचा डिजिटल ओळखक्रमांक) नसलेले जुने मराठी लेख मला तिथेही मिळाले नाहीत. झोटेरो या संदर्भ नोंदवण्याच्या प्रणालीत मराठी लेख भरून त्यातून निघणारी संदर्भांची आरआयएस फाइल व्हीओएसव्ह्यूअरला दिली, तर विषयशब्दांचा आणि सहलेखकांचा नकाशा निघतो. परंतु कोणी कोणाचा हवाला दिला हे त्या फाइलमधून कळत नाही, आणि मला नेमके तेच हवे आहे.

मराठी लेखांच्या तळटिपा हाताने नोंदवून त्या स्कोपसच्या फाइलला जोडण्याचे काम येथे कोणी केले आहे का? केले असल्यास देवनागरी नावांचे रोमन रूप कोणत्या पद्धतीने ठरवले आणि बाह्य परीक्षकांनी ते स्वीकारले का, हे कृपया सविस्तर लिहावे. वरील त्रैमासिकांच्या लेखकवार किंवा विषयवार सूची छापील स्वरूपात कुठे पाहायला मिळतील, हेही हवे आहे. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात किंवा पुणे-धुळ्यात प्रत्यक्ष जाऊन बसण्याची माझी तयारी आहे. स्थानिक संदर्भातील संशोधनाचे मोल जपावे असे संशोधनाच्या मूल्यमापनाविषयीच्या 2015 च्या लायडन जाहीरनाम्यात एक स्वतंत्र तत्त्व आहे. त्याचा आधार घेऊन डेटाबेसमधील आणि डेटाबेसबाहेरील संशोधन एकाच आढाव्यात मांडावे, की दोन स्वतंत्र भाग करावेत? माझा कल एकत्र मांडणीकडे आहे, कारण वेगळा भाग केला की मराठी काम पुरवणीसारखे वाचले जाईल. मात्र मार्गदर्शकांपुढे ठेवता येईल असा पद्धतीचा पक्का युक्तिवाद मला अद्याप बांधता आलेला नाही.

झोटेरोमधील माझा संग्रह अपुरा आहे, तरी ज्यांना उपयोगी वाटेल त्यांना तो आनंदाने देईन.