डोंगराला वळसा: रोडबाईकवरच्या लांब फेरीचे अनुभव लिहा

चढणवाट
जुन्या वहीत घडी केलेला कागद सापडला. फ्रेमच्या वरच्या नळीला चिकटवतात तसला: कितव्या किलोमीटरला चढ सुरू, किती टक्के (१०० मीटर रस्त्याला किती मीटर उंची), पाणी कुठे, उतार कुठे. आता हे सगळं स्क्रीनवर दिसतं, तरी कागद बघून वाटलं की ही माहिती एका जागी यावी. किस्से नंतर कधीतरी. इथे आकडे, सुटे भाग, काय बिघडतं आणि का, एवढंच लिहूया.

माझ्यापासून सुरुवात. शहरातून निघून डोंगर चढायचा आणि दुसऱ्या बाजूने उतरून परत यायचं, हे काम जा-ये राईडपेक्षा वेगळं आहे. जा-ये मध्ये दमलं की मागे वळता येतं. वळशात माथा ओलांडला की मागचा रस्ताही पुढच्याइतकाच लांब. म्हणून निर्णय पायथ्याशी घ्यायचा. तिथवर येताना निम्म्याहून जास्त पाणी संपलं असेल किंवा मागचं गियर नीट बसत नसेल, तर तिथूनच परत.

वेळेचा अंदाज नुसत्या किलोमीटरवरून काढू नका. सपाटीचा वेळ वेगळा, चढाचा वेगळा. तासाला ६०० मीटर उंची हा सावध आकडा धरा. १२०० मीटर चढायचे तर दोन तास, मग ते १५ किमीत असोत की २० किमीत. आणि सरासरी टक्के बघून निर्धास्त होऊ नका. ६ टक्के सरासरीच्या चढात मधे एखादा सपाट किलोमीटर असतो, त्याची वसुली १२ टक्क्यांचा तुकडा करतो.

दातेरी
गियरचं मी लिहितो. पुढच्या दोन चकत्यांना (चेनरिंग) ५० आणि ३४ दाते आणि मागच्या चकत्यांच्या संचाला (कॅसेट) ११ ते २८ दाते असतील तर सगळ्यात हलक्या गियरला पायडलच्या एका फेरीत सायकल साधारण २.५५ मीटर सरकते. ६० कॅडन्सला (मिनिटाला पायडलच्या ६० फेऱ्या) ताशी ९ किमी. सायकल, स्वार, पाणी मिळून ८५ किलो आणि ८ टक्के चढ असेल तर एवढ्या वेगाला १९० वॅटच्या आसपास लागतात. तेच मागची मोठी चकती ३४ दाती असेल तर ६० कॅडन्सला १५५ वॅटमध्ये भागतं. वेग कमी होतो, पण पाय फिरते राहतात. ज्याला तासभर १९० वॅट काढता येत नाहीत त्याचा कॅडन्स ४५ वर येतो आणि सगळा भार गुडघ्यावर जातो. मोठी कॅसेट लावण्यात कमीपणा काही नाही.

पण नुसती कॅसेट बदलून भागत नाही:
– मागच्या डिरेलरला (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) झेपेल का बघा. (५०−३४) + (३४−११) = ३९ दात्यांएवढी क्षमता लागते. आखूड पिंजऱ्याचे (दोन पुल्या धरणारा लोंबता भाग) बहुतेक डिरेलर तिथवर पोचत नाहीत.
– चेनची लांबी. २८ वरून ३४ म्हणजे ६ दाते जास्त, चेन चकतीच्या निम्म्या भागालाच वेढते, म्हणजे दीड इंच, म्हणजे तीन कड्या. कड्या जोडीनेच वाढतात, म्हणून चार. चेन आखूड राहिली आणि चुकून पुढच्या आणि मागच्या दोन्ही मोठ्या चकत्यांवर गेली तर हँगर (डिरेलर लावायचा फ्रेमचा तुकडा) वाकतो, नाहीतर डिरेलरच तुटतो.
– बी-स्क्रू (डिरेलरचा कोन ठरवणारा) पिळून डिरेलरची वरची पुली आणि मोठी चकती यांत ५-६ मिमी फट ठेवा. कंपनीने वेगळा आकडा दिला असेल तर तो पाळा.
– शेवटी लो लिमिट स्क्रू, चेनला मोठ्या चकतीच्या पलीकडे जाऊ न देणारा. हा सैल असेल तर चढावर, ऐन जोर लावताना, चेन आऱ्यांत जाते.

हे सगळं राईडच्या आदल्या रात्री करू नका. आठवडाभर आधी करा आणि एखाद्या छोट्या चढावर जोर लावून तपासा. स्टँडवर नीट चालणारं गियर भाराखाली घसरू शकतं.

सांजवारा
वाचतेय. पुढची चेनरिंग बदलण्याबद्दल एक. चढ सुरू झाल्यावर ५० वरून ३४ वर आणू नका. चेनवर ताण असतो आणि ती आतल्या बाजूला पडते. चढ दिसला की आधी बदला, बदलताना अर्धी फेरी पायाचा जोर सोडा, आणि त्याच वेळी मागे एक-दोन गियर जड करा, नाहीतर पाय एकदम रिकामे फिरतात. बाकी सवडीने लिहिते.

तीन_बाटल्या
+१ सांजवारा.

खाण्यापिण्याचं कुणी लिहिलं नाही अजून. तासाला ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट हे अडीच-तीन तासांवरच्या राईडला धरून चाला. ९० पर्यंत जायचं तर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही हवेत, कारण आतड्यात दोघांचे रस्ते वेगळे आहेत. एकट्या ग्लुकोजचा रस्ता ६० च्या आसपास भरतो आणि पुढचं पोटात नुसतं डचमळत राहतं. साखरेत दोन्ही निम्मे निम्मे असतात, त्यामुळे ७५० मिलीच्या बाटलीत ६० ग्रॅम साखर आणि पाव चमचा मीठ हे साधं मिश्रण चालतं. ९० ग्रॅमची सवय पोटाला काही आठवडे लावावी लागते, थेट मोठ्या राईडला करू नका.

पहिला घास निघाल्यावर अर्ध्या तासात. तीव्र चढावर धाप लागलेली असताना चावणं जमत नाही, म्हणून पायथ्याआधी १५ मिनिटं खाऊन घ्या.

पाणी किती, याला सगळ्यांसाठी एक आकडा नाही. एक तास चालवा, आधी आणि नंतर वजन करा, घटलेल्या वजनात प्यायलेलं पाणी मिळवा. तो तुमचा तासाचा घाम. उन्हाळा आणि थंडीत वेगवेगळा मोजा.

उतारू
उताराबद्दल लिहायलाच हवं. वळशात लोक चढाची तयारी करतात आणि उताराला तसेच सुटतात.

८५ किलो वजन ५०० मीटर खाली आणलं की चारशे किलोज्यूलच्या वर ऊर्जा सुटते. ती हवा घेते किंवा ब्रेक घेतात. सतत हलका ब्रेक धरून हळू उतरलं तर हवेचा वाटा नगण्य होतो आणि जवळपास सगळी उष्णता रिमला किंवा डिस्कला जाते. म्हणून सरळ तुकड्यात सायकल जाऊ द्या, ब्रेकला हवा लागू द्या, आणि वळणाआधी दोन्ही ब्रेक ठाम लावून वेग उतरवा. वळणात शिरताना ब्रेक सुटलेला हवा. बाहेरचा पाय खाली, भार त्यावर, नजर वळणाच्या शेवटाकडे. हात ड्रॉप्सवर (हँडलच्या खालच्या वळलेल्या भागावर). तिथून लिव्हर ओढायला जोर कमी लागतो आणि खड्ड्यात हात सुटत नाही.

वेग ३० वरून ६० झाला की थांबायला दुप्पट नाही, चौपट अंतर लागतं.

कार्बन रिम आणि रिम ब्रेक असतील तर त्याच रिमसाठी दिलेलेच पॅड, आणि आत लेटेक्स ट्यूब नको. तापून फुटते.

डिस्कवाल्यांनी निघण्याआधी पॅड बाहेर काढून बघा. मसाला अर्ध्या मिलिमीटरवर आला की संपला. एक मिलिमीटर उरला असेल तरी मोठ्या उताराला नवे घाला, ओल्या रस्त्यावर उरलेला एका दिवसात जाऊ शकतो. नवे पॅड घातल्यावर ताशी २५-३० वरून चालण्याच्या वेगापर्यंत, पूर्ण न थांबता, वीसेक वेळा ब्रेक लावून ते बसवून घ्या. न बसवलेले पॅड पहिल्याच उतारावर चकाकतात आणि पकड जाते.

आणि सायकल उतारावर थरथरायला लागली तर हँडल घट्ट आवळू नका. एक गुडघा वरच्या नळीला टेकवा, सॅडलवरून भार थोडा उचला, ब्रेक हळूहळू.

चढणवाट
उतारू, दंडवत. एक भर: विंडचीटर माथ्यावरच घालायचा, थंडी वाजल्यावर नाही. घामाने ओला जर्सी आणि ५० चा वारा, दहा मिनिटांत बोटं ब्रेकवर नीट वळत नाहीत.

मोकळी_हवा
वळसा कुठल्या दिशेने घालायचा, यावर कुणी बोललं नाही. उन्हाच्या दिवशी दरीतला वारा दुपारी वर चढतो आणि रात्री-पहाटे खाली येतो. पहाटे चढलात तर हलका समोरचा वारा, पण ताशी १० च्या वेगाला तो जाणवत नाही. दुपारी दरीतून उतरून शहराकडे येताना तोच समोरून येतो आणि शेवटचे ३० किमी दमवतो. दोन दऱ्यांपैकी अरुंद दरीत हा वारा सहसा जास्त जोराचा, म्हणून दुपारचा उतार रुंद दरीकडे ठेवा. रस्ता कुठला चांगला हे अर्थातच आधी. फुटका रस्ता चढताना चालतो, उतरताना नाही.

हेअरपिनला (जवळपास मागे फिरणाऱ्या वळणाला) आतली कड सर्वात तीव्र असते. मागे-पुढे रस्ता दिसत असेल तरच थोडं बाहेरून घ्या, नाही तर आपली बाजू सोडू नका.

रबरी
टायर: २८ मिमी, स्वार ७५ किलो, तर मागे ७० पीएसआय आणि पुढे ६५ पासून सुरुवात करा. हुकलेस रिम (टायर पकडायला आत कड नसलेली) असेल तर ५ बार, म्हणजे ७२-७३ पीएसआय ही वरची मर्यादा, ओलांडू नका. ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं दिसली तर ते काट्याचं पंक्चर नव्हे, कमी हवेमुळे रिमने चिमटा काढलाय.

सोबत: दोन ट्यूब, दोन लिव्हर, पॅच, पंप, ४-५-६ मिमीच्या षटकोनी चाव्या आणि टी२५ (चांदणीच्या टोकाची) असलेला मल्टिटूल, चेन तोडायचं हत्यार, आपल्या स्पीडचा (मागच्या चकत्यांच्या संख्येचा) क्विक लिंक, म्हणजे चेन जोडायची सुटी कडी (११ चा १२ ला चालत नाही), आणि जुन्या टायरचा बोटभर तुकडा. टायर बाजूने फाटला तर आतून तोच लावायचा. सीओटू (छोट्या नळकांड्यातला दाबाचा वायू) वापरलात तर घरी येऊन ती हवा सोडा आणि पंपाने भरा, ब्यूटाइल ट्यूबमधून सीओटू भराभर झिरपतो.

नवखी_चाकं
छान माहिती. थोडं अवांतर आहे, पण चढावर जोर लावला की खालून टक-टक आवाज येतो, सपाटीला नाही. बॉटम ब्रॅकेट (पायडलच्या दांड्या ज्यावर फिरतात ते बेअरिंग) गेला का?

दातेरी
अवांतर नाही, हा प्रश्न चढाचाच आहे. बॉटम ब्रॅकेट शेवटी बघा. आधी उभं राहून पायडल मारा. आवाज थांबला तर सॅडलचे बोल्ट किंवा सीटपोस्ट. पोस्ट काढून पुसा, फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची असेल तर ग्रीस, फ्रेम किंवा पोस्ट कार्बनचा असेल तर कार्बन पेस्ट, आणि लिहिलेल्या टॉर्कलाच आवळा. थांबला नाही तर पायडल काढून आट्यांना ग्रीस, मग क्लीटचे (बुटाखालचा, पायडलमध्ये अडकणारा तुकडा) स्क्रू, चेनरिंगचे बोल्ट, मागचा अ‍ॅक्सल. हे सगळं करूनही येत असेल तरच बॉटम ब्रॅकेट उघडा.

नवखी_चाकं
उभं राहिल्यावर थांबतो! सीटपोस्ट काढते आज.

दातेरी
काढण्याआधी उंचीवर टेप लावून खूण करा. पोस्ट ५ मिमी खाली बसला तरी मोठ्या चढावर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखायला लागतं.