कृषी विद्यापीठाचा आपल्याला नक्की फायदा काय? खरं सांगा

बांधावरचा_बंड्या:
नमस्कार मंडळी, जालन्याकडचा आहे, सात एकर कोरडवाहू. दरवर्षी पावसाळ्यात गावात कृषिदूत म्हणजे कृषी कॉलेजची पोरं येतात, टोप्या घालून बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक करतात, सरपंचासोबत फोटो, दोन दिवसांनी पेपरात बातमी आणि विषय संपला. वडील म्हणतात विद्यापीठाचं संशोधन कपाटात राहतं. मला तेवढं टोकाचं वाटत नाही पण चार ठोस उदाहरणं द्या म्हटलं तर माझ्याकडे एकही नाही. कुणाकडे आहे का?

तूरवाला_परभणी:
अहो भाऊ जालन्याचे असून हे विचारताय? बदनापूर तुमच्याच जिल्ह्यात आहे की. तिथलं संशोधन केंद्र परभणी विद्यापीठाचं, तुरीची बीडीएन 711 ही जात तिथलीच. आधी आमच्याकडे बीएसएमआर 736 असायची, लाल तूर, मर आणि वांझ या रोगांना दाद न देणारी पण सहा महिने रानात, आणि पाऊस सप्टेंबरात संपला की शेंगा भरायच्या वेळी जमिनीत ओल नाही. 711 पांढरी, 150-155 दिवसांत येते म्हणजे ओल आहे तोवर दाणा भरतो. हलक्या-मध्यम रानाला हाच फरक. वडिलांना विचारा घरात कोणती तूर आहे, बहुतेक हीच निघेल. 18 मेला विद्यापीठाचा वर्धापन दिन असतो, खरीप मेळावा आणि बियाणे विक्री, पहाटेपासून लाईन लागते. कपाटातल्या संशोधनासाठी कोण उन्हात उभं राहील?

कोकणी_माणूस:
आमच्याकडे दापोली विद्यापीठ. काजूत वेंगुर्ला 4 आणि 7 ची कलमं नसती तर अजून बारक्या गावठी बिया गोळा करत बसलो असतो. पण दुसरी बाजू पण सांगतो. हापूस एक वर्ष धरतो एक वर्ष दांडी मारतो, त्यावर कल्टारची (झाडाची वाढ रोखून मोहोर आणणारं औषध) शिफारस त्यांचीच, झाडाचा विस्तार मोजून तेवढाच डोस द्यायचा. लोकांनी काय ऐकलं, "कल्टार घाला". कराराने बाग घेणारा तर दोन-चार वर्षांचा पाहुणा, तो झाड मोजतोय कशाला, वाट्टेल तेवढं ओततो आणि झाडं खंगतात मालकाची. शिफारस अर्धीच पोचली तर नुकसान पण होतं, हा भाग विद्यापीठवाले भाषणात फारसा घेत नाहीत.

माजी_कृषिदूत:
फोटोवाल्यांपैकी मी पण एक होतो 😄 बीएस्सी ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला गावात राहून करायचा तो कोर्सच असतो, त्याला मार्क आहेत, म्हणून फोटो लागतात. आम्ही विशीतली पोरं, तीस वर्षं शेती केलेल्या माणसाला काय शिकवणार, उलट पिकातलं निम्मं मीच तिथे शिकलो. पण सोयाबीनची उगवण चाचणी मात्र कामाची, ती खरंच करा. ओल्या गोणपाटावर 100 दाणे मोजून ओळीत ठेवायचे, गुंडाळून सावलीत, पाणी शिंपडत राहायचं, सात-आठ दिवसांनी चांगले कोंब मोजायचे. 70 आले तर एकरी 30 किलो पेरा, कमी आले तर त्या हिशोबाने बी वाढवा. सोयाबीन स्वपरागी आहे त्यामुळे सरळ (संकरित नसलेल्या) वाणाचं घरचं बी दोन-तीन वर्षं चालतं, दरवर्षी नवीन बॅगेचे पैसे घालायची गरज नाही.

बांधावरचा_बंड्या:
बाप रे, वडिलांना विचारलं तर घरात 711 च आहे 🙏 त्यांना वाटत होतं दुकानदाराने आणलेला वाण. सोयाबीन फुले संगम आहे, ती पण कुठल्या विद्यापीठाची का? आणि तुरीचं बी पण असंच घरचं ठेवलं तर चालेल ना?

माजी_कृषिदूत:
संगम राहुरी विद्यापीठाची, सांगलीजवळ कसबे डिग्रजचं केंद्र आहे तिथली. संगमचं दुसरं नाव केडीएस 726, त्यातलं केडी म्हणजे तेच गाव. तांबेरा रोगापुढे बऱ्यापैकी टिकते म्हणून त्या भागात आधी पसरली.

तूरवाला_परभणी:
तुरीला जरा सांभाळून. मधमाश्या शेजारच्या रानातून परागकण आणतात, बाजूला लाल तूर असेल तर तुमच्या पांढरीत दोन वर्षांत भेसळ दिसायला लागेल. ठेवायचंच असेल तर कडेच्या ओळी सोडून रानाच्या मधलं ठेवा, वेगळी दिसणारी झाडं फुलाआधीच उपटा, आणि एक-दोन वर्षांनी बदनापूरहून नवीन पिशवी आणा.